गुन्ह्याने पीडित व्यक्तींसाठी गोव्यातील सरकारी साहाय्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरील प्रश्न वाचकांनी पत्रांतून, दूरध्वनीवरून आणि तालुक्यांतील कायदेविषयक शिबिरांत पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. शक्यतो त्यांच्याच शब्दांत ते ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे अशी रचना आहे. जेथे विषय दुसऱ्या प्रश्नात आला आहे तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. पीडितांची बाजू पाहणारे एखादे सरकारी कार्यालय गोव्यात आहे का? नेमके कोठे जायचे?

इंग्लंड-वेल्समध्ये किंवा दक्षिण ऑस्ट्रेलियात पीडितांसाठी स्वतंत्र आयुक्त असतो, तसे पद आपल्याकडे नाही. आपल्याकडे हे काम अनेक ठिकाणी वाटले गेले आहे आणि त्यातल्या त्यात मध्यवर्ती स्थान विधी सेवा प्राधिकरणाचे आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार गोवा राज्य विधी सेवा प्राधिकरण, त्याखाली जिल्हा प्राधिकरणे आणि तालुका समित्या अशी उतरंड आहे. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात, त्यामुळे हे कार्यालय पोलीस खात्याच्या किंवा सरकारी वकिलांच्या हाताखाली येत नाही. मोफत वकील देणे आणि भरपाई ठरवणे ही दोन्ही कामे तेथेच होतात. कोठून सुरुवात करावी हे समजत नसेल तर १५१०० या विधी साहाय्य क्रमांकावर फोन करावा. जिवाला धोका असेल तर आधी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८.

२. कायद्याच्या भाषेत 'पीडित' म्हणजे कोण? मार भावाला बसला, खर्च मी केला. मी पीडित ठरते का?

आरोपीच्या कृत्यामुळे किंवा त्याने करायचे ते न केल्यामुळे ज्या व्यक्तीला हानी किंवा इजा झाली ती पीडित, अशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची व्याख्या आहे आणि तीत पालक व कायदेशीर वारसही येतात. भाऊ हयात व सज्ञान असेल तर पीडित तो आहे. तुम्ही त्याच्या वतीने धावपळ करू शकता, मात्र अर्ज त्याच्या नावाने होईल. दगावलेल्या व्यक्तीच्या बाबतीत वारस व अवलंबित पुढे येतात (प्रश्न १२ पाहा). जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आरोप ठेवला गेल्याचा उल्लेख व्याख्येतच होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने तो गाळला आहे. व्याख्येतला हा बदल दिसायला लहान असला तरी तपास चालू असतानाच दाद मागणाऱ्याला त्याचा आधार मिळतो.

३. सरकारी वकील आमचाच ना? मग वेगळा वकील कशाला?

सर्वांत जास्त गैरसमज याच प्रश्नाभोवती आहे. फौजदारी खटला राज्य विरुद्ध आरोपी असा चालतो. सरकारी वकील राज्याचा आणि न्यायालयाचा अधिकारी असतो, तुमचा वकील नसतो. तुमचे व राज्याचे हित बहुतेक वेळा एकाच दिशेला असते, पण प्रत्येक वेळी नाही: राज्याने खटला मागे घ्यायचे ठरवले, जामिनाला जोरकस विरोध केला नाही, किंवा भरपाईचा विषय काढलाच नाही, तर तुमच्या वतीने बोलणारे कोणी उरत नाही.

न्यायालयाच्या परवानगीने पीडिताला आपला वकील नेमता येतो, पण त्याची भूमिका सरकारी वकिलाला मदत करण्याची असते. तोंडी युक्तिवाद किंवा साक्षीदाराची उलटतपासणी तो हक्काने करू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रेखा मुरारका प्रकरणात स्पष्ट केले. म्हणून आमचे मत असे की, पीडिताच्या वकिलाने खरे काम साक्षीच्या आधी करावे: कोणता साक्षीदार सुटला, कोणता कागद आरोपपत्रात आला नाही, हे सरकारी वकिलाला वेळेत लेखी दाखवावे. खटला मागे घेण्याची परवानगी मात्र पीडिताला बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय न्यायालयाला देता येत नाही. हे नव्या संहितेच्या कलम ३६० मध्ये आले आहे.

४. मोफत वकिलासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो का?

महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि मानवी तस्करीचे बळी यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे, परंतु त्याबाबत प्रतिज्ञापत्र पुरेसे मानले जाऊ शकते. मामलेदार कार्यालयाचा दाखला हाती येईपर्यंत अर्ज अडवून ठेवू नये.

५. मडगावहून पणजीला येताना बसमध्ये प्रकार घडला, राहतो पेडण्याला. पोलीस म्हणतात, "हे आमच्या हद्दीत येत नाही."

दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्याने हद्द न पाहता नोंदवली पाहिजे. पुढे ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये त्याला आता स्पष्ट आधार आहे. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. नोंदवलेल्या खबरीची प्रत खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला विनामूल्य मिळते; ती मागून घ्यावी, कारण पुढच्या प्रत्येक अर्जाला ती लागते. लैंगिक गुन्ह्यात पीडित महिलेची खबर महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते.

तरीही नकार मिळाला तर खबरीचा मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावा आणि पोच जपून ठेवावी. तेथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हा क्रम सोडून थेट दंडाधिकाऱ्यांकडे गेलेले अर्ज याच कारणावरून परत येतात.

६. तक्रार देऊन चार महिने झाले. तपासाचे काय झाले हे कोणी सांगत नाही.

तपास कोठवर आला हे ९० दिवसांच्या आत खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि ते मोबाइल संदेशानेही कळवता येते. म्हणून तक्रार देतानाच चालू असलेला मोबाइल क्रमांक व ईमेल नोंदवावा. ९० दिवस उलटले असतील तर तपास अधिकाऱ्याला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ चा उल्लेख करून एक ओळीचे पत्र द्यावे. तुमच्या वतीने वकील हजर झालेला असेल तर आरोपपत्र व सोबतच्या कागदपत्रांची प्रत तुम्हालाही मिळायला हवी.

७. भरपाई कोण देते आणि किती मिळते?

दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिली वाट आरोपीच्या खिशातून जाते: शिक्षा सुनावताना न्यायालय दंडातून किंवा स्वतंत्रपणे भरपाईचा आदेश देते. आरोपीकडे काही नसेल तर हा आदेश कागदावरच राहतो. दुसरी वाट सरकारी निधीची. २००९ च्या अखेरीस जुन्या संहितेत कलम ३५७ अ लागू झाले, त्याखाली गोव्याने २०१२ मध्ये आपली पीडित भरपाई योजना आणली, आणि आता हीच तरतूद नव्या संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. रक्कम जिल्हा किंवा राज्य विधी सेवा प्राधिकरण ठरवते.

महिला पीडितांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१८ ची योजना आहे, जी सर्वोच्च न्यायालयाने २ ऑक्टोबर २०१८ पासून लागू केली. तिच्या तक्त्यानुसार मृत्यू किंवा सामूहिक बलात्कार यांसाठी ५ ते १० लाख रुपये, बलात्कारासाठी ४ ते ७ लाख, ॲसिड हल्ल्यात चेहरा विद्रूप झाल्यास ७ ते ८ लाख, गर्भपात घडल्यास २ ते ३ लाख, आणि पुनर्वसनाची गरज असलेल्या गंभीर शारीरिक किंवा मानसिक इजेसाठी १ ते २ लाख अशा मर्यादा आहेत. पीडित अल्पवयीन असेल तर रक्कम ५० टक्क्यांनी वाढते. या तक्त्यात मानसिक इजेचा स्वतंत्र उल्लेख आहे, पण अर्जदार तिच्याविषयी लिहीतच नाहीत. मानसोपचाराची कागदपत्रे असतील तर ती जरूर जोडावीत. पुरुष पीडितांना राज्याची योजना लागू होते.

८. अर्ज कसा करायचा? मुदत किती? मराठीत लिहिलेला चालेल का?

अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. सोबत एफआयआरची किंवा न्यायालयातील फिर्यादीची प्रत, वैद्यकीय कागदपत्रे, मृत्यू झाला असल्यास दाखला, ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील असावा. एखादा कागद नाही म्हणून अर्ज करायचे थांबू नये, प्राधिकरण तो पोलिसांकडून किंवा इस्पितळाकडून मागवू शकते. महिलांच्या योजनेत तर बलात्कार, ॲसिड हल्ला यांसारख्या गुन्ह्यांची एफआयआर पोलिसांनी स्वतःहून प्राधिकरणाला कळवायची आहे.

त्याच योजनेत मुदत घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षे आहे आणि सबळ कारण असल्यास उशीर माफ होतो. प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करावी असे संहितेत म्हटले आहे. भाषेबद्दल सांगायचे तर, गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा केली आणि मराठीचाही सरकारी कामकाजात वापर करण्याची तरतूद ठेवली, त्यामुळे देवनागरीतील मराठी अर्ज भाषेच्या कारणावरून नाकारला जाऊ नये. तोडक्यामोडक्या इंग्रजीत लिहिलेल्या अर्जापेक्षा स्वच्छ मराठीत लिहिलेला अर्ज केव्हाही बरा, कारण घटनाक्रम चुकला तर पुढे तोच उलटतपासणीत समोर येतो.

९. आरोपी सापडलाच नाही, किंवा निर्दोष सुटला. मग भरपाई गेली का?

गेली नाही. आरोपी अज्ञात असेल आणि खटला उभाच राहिला नसेल, तर पीडित किंवा त्याचे अवलंबित थेट प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. आरोपी निर्दोष सुटला तरी पीडिताच्या पुनर्वसनाची गरज पाहून न्यायालय प्राधिकरणाकडे शिफारस करू शकते. सरकारी भरपाई आरोपीच्या दोषावर नव्हे, तर पीडिताच्या हानीवर उभी आहे. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे अनेक कुटुंबे निकालाची वाट पाहत वर्षे घालवतात. एक अपवाद मात्र आहे: मुळात तक्रारच खोटी होती असे न्यायालयाने ठरवले तर दिलेली रक्कम वसूल होऊ शकते. पुराव्याअभावी सुटका होणे म्हणजे तक्रार खोटी ठरणे नव्हे.

१०. इस्पितळाने आधी पैसे भरा, आधी पोलिसांत जा असे सांगितले.

बलात्कार, ॲसिड हल्ला आणि पोक्सो कायद्यातील (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) लैंगिक अत्याचार यांतील पीडितांवर प्रथमोपचार व उपचार तत्काळ आणि विनामूल्य करणे प्रत्येक इस्पितळाला बंधनकारक आहे, मग ते बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) असो वा गल्लीतले खासगी. पोलिसांना कळवण्याची जबाबदारीही इस्पितळाचीच आहे. उपचार नाकारणे हा एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा असलेला गुन्हा आहे.

इतर गुन्ह्यांत पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्या प्रमाणपत्रावरून प्राधिकरण मोफत प्रथमोपचार, वैद्यकीय मदत किंवा अंतरिम आर्थिक साहाय्य मंजूर करू शकते. अंतिम अर्ज प्रलंबित असतानाही हे मागता येते, आणि तसे स्पष्ट शब्दांत मागावे लागते.

११. पीडित मूल आहे. प्रक्रिया वेगळी असते का?

बरीच वेगळी असते. गोव्याने देशाच्या आधी, २००३ मध्ये, स्वतःचा बाल कायदा केला आणि त्याखाली बाल न्यायालय उभे राहिले. २०१२ पासून केंद्राचा पोक्सो कायदाही लागू आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता नोंदवायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. बाल कल्याण समिती मुलासाठी साहाय्यक व्यक्ती नेमते, जी न्यायालयात सोबत असते आणि तारखांची माहिती देते.

पैशाचे दोन टप्पे आहेत. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बाल कल्याण समिती साहाय्याची शिफारस करू शकते. त्याशिवाय विशेष न्यायालय स्वतःहून किंवा अर्जावरून, एफआयआर नोंदल्यानंतर केव्हाही, अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकते आणि २०२० च्या नियमांनुसार आदेशानंतर ३० दिवसांत राज्याने ती द्यायची असते. सत्र न्यायालयाने अशा खटल्यांच्या निकालात भरपाईचा आदेश दिलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले आहे. जुन्या निकालात तो राहून गेला असेल तर प्राधिकरणाकडे विचारणा करावी.

१२. घरातला कमावता माणूस मारला गेला. भरपाईसाठी आधी इन्व्हेंटरी करावी लागेल, असे सांगतात.

हा प्रश्न गोव्याबाहेर कोणाला पडणार नाही. आपल्याकडे वारसा हक्काची इन्व्हेंटरी प्रक्रिया (मृताच्या मालमत्तेची न्यायालयात यादी करून वारसांत वाटणी) आणि नोटरीसमोरचे वारस निश्चितीचे दस्त इतके अंगवळणी पडले आहेत, की कोणतीही रक्कम त्याशिवाय मिळत नाही असे गृहीत धरले जाते. पीडित भरपाई ही मृताची मालमत्ता नव्हे, ती अवलंबितांना मिळणारी मदत आहे. महिला पीडितांसाठीच्या २०१८ च्या योजनेत (प्रश्न ७ पाहा) पती, पत्नी, आई, वडील, आजी-आजोबा, अविवाहित मुलगी व अल्पवयीन मुले हे अवलंबित मानले आहेत, आणि ते कोण हे प्राधिकरण उपविभागीय दंडाधिकारी किंवा तपास अधिकारी यांच्या अहवालावरून वा समोर असलेल्या कागदपत्रांवरून ठरवते. भावांमध्ये जमिनीचा वाद असला तरी विधवेचा अर्ज त्यासाठी थांबवण्याचे कारण नाही.

१३. रक्कम मंजूर झाली, पण बँक बहुतांश पैसे देत नाही.

बँकेची चूक नाही. महिला पीडितांसाठीच्या २०१८ च्या योजनेनुसार (प्रश्न ७ पाहा) ७५ टक्के रक्कम किमान तीन वर्षे मुदत ठेवीत राहते व २५ टक्के लगेच वापरता येते. अल्पवयीन पीडिताच्या बाबतीत ८० टक्के रक्कम सज्ञान होईपर्यंत ठेवीत असते. शिक्षण किंवा उपचारांसारखे खरे कारण असल्यास ती आधी काढण्याची परवानगी प्राधिकरणाकडे मागता येते. मंजूर रकमेबद्दलच तक्रार असेल तर ३० दिवसांत राज्य प्राधिकरणाकडे अपील करावे.

१४. आरोपीच्या जामिनाच्या वेळी आमचे म्हणणे कोणी ऐकेल का?

पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये लखीमपूर खीरी प्रकरणात सांगितले आणि पीडितांना नीट न ऐकता दिलेला जामीन रद्द केला. बालिकेवरील बलात्कारासारख्या काही गुन्ह्यांत, तसेच अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली, पीडित पक्षाला कळवणे कायद्यानेच आवश्यक आहे. इतर खटल्यांत सूचना येईलच असे धरून बसू नये. अटकेनंतर लगेच तपास अधिकाऱ्याला व सरकारी वकिलांना लेखी कळवून ठेवावे.

१५. धमक्या येत आहेत. तारखेला जायची भीती वाटते.

२०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने महेंद्र चावला प्रकरणात देशभर लागू केली आणि ती पीडितांनाही उपयोगी पडते, कारण पीडित हा बहुधा मुख्य साक्षीदार असतो. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज केला की पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो. घराभोवती गस्त, न्यायालयापर्यंत सोबत, पडद्याआड किंवा दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष असे उपाय मिळू शकतात. धमकीचा प्रत्येक संदेश तारखेसह जपावा आणि मोबाइल बदलू नये.

१६. गावचे पंच, देवस्थानचे महाजन म्हणतात, मिटवून टाका. मिटवता येते का?

किरकोळ मारहाण, शिवीगाळ अशा काही गुन्ह्यांत कायद्यानेच तडजोडीची मुभा आहे. बलात्कार आणि पोक्सोखालील गुन्हे तडजोडयोग्य नाहीत. दोन्ही कुटुंबे राजी आहेत म्हणून अशी एफआयआर रद्द करता येत नाही, असे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका शाळेतील प्रकरणात म्हटले. मिटवण्याचा आग्रह करणाऱ्यांचा हेतू नेहमीच वाईट असतो असे नाही, लहान गावात शेजार टिकवायचा असतो. परंतु स्टॅम्प पेपरवर सही करून घेतलेला कबुलीनामा पुढे पीडिताच्याच विरुद्ध दाखवला जातो. वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही करू नये.

१७. नाव छापले नाही, पण वाडा व आडनाव व्हॉट्सॲपवर फिरले.

लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख पटेल असा कोणताही मजकूर प्रसिद्ध करणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, फक्त नावापुरता तो मर्यादित नाही. दोनशे घरांच्या गावात वाडा आणि वडिलांचा धंदा सांगितला की नाव सांगायचे काही उरत नाही. मजकुराचा स्क्रीनशॉट काढून पोलिसांकडे द्यावा आणि तो पुढे पाठवू नये, पुरावा म्हणूनही नाही.

१८. मी परराज्यातील कामगार आहे / माझी पाहुणी परदेशी पर्यटक आहे. गोव्यात हक्क मिळतो का?

गुन्हा गोव्यात घडला असेल तर मिळतो. रहिवासी दाखल्याची अट नाही. परदेशी नागरिकांबाबत, हावडा स्थानकातील अत्याचाराच्या प्रकरणात बांगलादेशी महिलेला १० लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये कायम ठेवला आणि जगण्याचा हक्क नागरिकत्वावर अवलंबून नाही असे सांगितले. खरी अडचण वेगळी असते: व्हिसा संपतो, माणूस परत जातो आणि खटला साक्षीदाराविना ढेपाळतो. म्हणून दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब देश सोडण्यापूर्वी नोंदवून घ्यावा आणि पुढील साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातून देण्याची तयारी लेखी कळवावी.

१९. गाडीने उडवून चालक पळाला. हीच योजना लागू होते का?

नाही. वाहन ओळखता आले नाही तर मोटार वाहन कायद्याखालील योजनेत मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात (१ एप्रिल २०२२ पासून). अर्ज अपघात जेथे झाला त्या उपविभागातील किंवा तालुक्यातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. वाहन सापडले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे. तेथील रक्कम सहसा बरीच मोठी असते.

२०. चोरी झाली, किंवा ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले. भरपाई मिळेल का?

पीडित भरपाई योजना शरीर व मनाच्या हानीसाठी आहे, गेलेल्या पैशांसाठी नाही. ऑनलाइन फसवणुकीत पहिल्या काही तासांतच १९३० या मदत क्रमांकावर कळवावे, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येते. जप्त झालेले दागिने किंवा वाहन खटला संपेपर्यंत मुद्देमाल कोठडीत पडून राहायची गरज नाही. छायाचित्रे व पंचनामा करून ते परत देण्याचा अर्ज न्यायालयात करता येतो. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करून ती फसवल्या गेलेल्यांत वाटण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ मध्ये नव्याने आली आहे.

२१. आरोपीला फार कमी शिक्षा झाली. आम्हाला अपील करता येते का?

येथे शब्दांकडे नीट पाहावे. आरोपी निर्दोष सुटला, कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडिताला स्वतः अपील करता येते, आणि २०१८ च्या मल्लिकार्जुन कोडगली निकालानुसार त्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागत नाही. परंतु कलम तेच राहून केवळ शिक्षेची वर्षे कमी वाटत असतील, तर त्या कारणासाठी अपिलाचा हक्क पीडिताला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये परविंदर कंसल प्रकरणात ठरवले. असे अपील राज्य सरकार करू शकते, म्हणून निकालाची प्रत मिळताच सरकारी वकिलांच्या कार्यालयाकडे लेखी विनंती द्यावी. सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्धचे अपील पर्वरी येथील मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर जाते.

२२. गुन्हा २०२३ मधला आहे. यातली नवी कलमे आम्हाला लागू होतात का?

१ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागू राहते, आणि त्या दिवशी प्रलंबित असलेले तपास व खटले जुन्या प्रक्रियेनेच पुढे चालतात. भरपाई, वकिलाची मदत व अपील यांबाबतचे हक्क जुन्या संहितेतही होते, कलमांचे क्रमांक तेवढे वेगळे: ३९६ च्या जागी ३५७ अ, आणि पीडिताच्या अपिलासाठी ४१३ च्या जागी ३७२. अर्जावर चुकीचा क्रमांक पडला म्हणून हक्क जात नाही. शंका असल्यास गुन्ह्याची तारीख ठळक लिहावी आणि कलमाची जागा कोरी ठेवावी. प्राधिकरणातील वकील ती भरतील.